गायक कळला, बंदिश कुणाची?

खान्देशात शास्त्रीय संगीत ऐकणारे थोडे असतील, पण जे आहेत ते मतांच्या बाबतीत कुणाला हार जाणारे नाहीत. जळगाव असो, धुळे असो, अमळनेर असो की भुसावळची रेल्वे कॉलनी, चार जाणकार जमले की चहा निवत जातो आणि वाद तापत जातो. मारवा राग अमीर खाँसाहेबांचा की भीमसेनांचा? अब्दुल करीम खाँची झिंझोटी रागाची तबकडी कानात बसलेला माणूस किराणा घराण्याच्या पुढच्या साऱ्या गायकांकडे जरा वरूनच बघतो. कुमार गंधर्वांचं नाव निघालं की बैठकीत सरळ दोन तट पडतात आणि एखादे अण्णा रागावून चपला शोधू लागतात. मला हे वाद मनापासून आवडतात. कुठल्या मैफलीत आवाज जास्त लागला होता, कुठल्या एलपीत तबलजीने घाई केली, यावर तासभर बोलणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, ही काही लहान गोष्ट नाही.

पण या बैठकांत एक प्रश्न जवळजवळ कधीच निघत नाही. जी बंदिश, म्हणजे रागा-तालात बांधलेली जी शब्दरचना, गायली ती कुणाची होती?

भावगीत लागलं तर हा प्रश्न विचारावाच लागत नाही. आकाशवाणीने आपल्याला तशी सवयच लावली आहे: गीतकार अमुक, संगीतकार तमुक, आणि मग गायकाचं नाव. गीतरामायण म्हटलं की गदिमा आणि बाबूजी ही जोडी शाळकरी पोरगंही सांगतं. त्याच आकाशवाणीवर शास्त्रीय गायन लागलं की निवेदन बदलतं. राग सांगतात, ताल सांगतात, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्याची साथ कुणाची, हेही सांगतात. ज्याने ते शब्द आणि ते स्वर पहिल्यांदा एकत्र बांधले, त्याचा मात्र पत्ता नाही. मैफलीतलं निवेदनही याच वळणाचं. प्रायोजकांची नावं दोनदा, पुष्पगुच्छ देणाऱ्यांची एकदा, बंदिशकाराचं एकदाही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बंदिशीचा कर्ता माहीत आहे, तिथे त्याचं नाव मंचावर, रेकॉर्डच्या वेष्टनावर, क्लासच्या वहीत आणि आपल्या बोलण्यात आलंच पाहिजे. हा निव्वळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. नाव न सांगण्याच्या सवयीमुळे चांगले रचनाकार डोळ्यांदेखत विस्मरणात जात आहेत, आणि त्याला रसिक म्हणवणारे आपणही जबाबदार आहोत.

ही सवय लावण्यात ध्वनिमुद्रणाचाही हात आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. पुढे कितीतरी गायक-गायिकांनी तेच केलं. गरज तांत्रिक होती, पण तिने पायंडा पाडला. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करायचा, अंतरा उरकायचा, ताना घ्यायच्या आणि शेवटी आपलं नाव सांगायचं. लेबलावर गायकाचं नाव आलं, रागाचं आलं. रचनाकाराचं नाव छापावं असं कुणाला सुचलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

याचं सगळ्यात लांब गेलेलं उदाहरण पृथ्वीवर नाहीच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान. पण त्या तबकडीची यादी एकदा नीट वाचून पाहावी. बाख, मोझार्ट, बीथोवन, स्ट्राविन्स्की ही तिथली नावं रचनाकारांची आहेत. वाजवणारे त्यांच्या मागून येतात. आपल्या नोंदीत ‘राग’ एवढा शब्द आहे, गाण्याचे बोल आहेत, गायिका आहे, आणि तेवढंच.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे, की तिकडचं संगीत कागदावर पूर्ण लिहिलेलं असतं, आपलं नसतं. आपली बंदिश म्हणजे चार ओळी. त्यावर पाऊण तास जे घडतं ते गायकाचं कर्तृत्व. मान्य. म्हणूनच रचनाकाराचं नाव गायकाच्या वर लिहा असं मी म्हणत नाही, शेजारी लिहा एवढंच म्हणतो. आणि बंदिश म्हणजे नुसत्या चार ओळी, हेही अर्धंच खरं. सम (तालाची पहिली मात्रा) कुठल्या अक्षरावर पडते, मुखडा (सुरुवातीची ओळ) कुठून उठतो, रागाचा कुठला कोपरा आधी दाखवायचा, हे सगळं त्या चार ओळींत ठरून गेलेलं असतं. अनवट, म्हणजे क्वचितच गायला जाणारा, राग तर पुष्कळदा एखाद्या बंदिशीच्याच आधाराने टिकतो. ती गेली तर रागाचं फक्त नाव आणि आरोह-अवरोह उरतात.

शिवाय रचनाकाराचं नाव घेणं ही काही पाश्चात्त्यांकडून शिकायची गोष्ट नाही. ती आपल्याकडे, इथे, गावोगाव चालू आहे. मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी निघते. वाटेत भजन होतं, अभंग म्हटले जातात. ‘तुका म्हणे’ आलं की टाळ वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हा अभंग कुणाचा. ‘नामा म्हणे’ आलं की नामदेव. कीर्तनकार तर निरूपणाला उभा राहतानाच संताचं नाव घेतो. नामदेवाचा अभंग तुकोबांच्या नावावर खपवून पाहा, पहिल्या रांगेतली म्हातारी तिथल्या तिथे दुरुस्त करील. ज्या मुलखात अक्षरओळख नसलेल्या माणसालाही नाममुद्रा कळते, त्याच मुलखातल्या विशारद झालेल्या विद्यार्थ्याला अंतऱ्यातली मुद्रा कळू नये, हे मला समजत नाही.

कारण ख्याल गायकीतही नेमकी तीच व्यवस्था आहे. मोहम्मदशाह रंगीले १७१९ ते १७४८ दिल्लीच्या गादीवर होता. त्याच्या दरबारातले बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे) नियामत खाँ आपल्या रचनांत ‘सदारंग’ ही मुद्रा घालत, पुष्कळदा बादशहाचं नावही गुंफत. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’. विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. भातखंडे ‘चतुर’, श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, रामाश्रय झा ‘रामरंग’, दिनकर कायकिणी ‘दिनरंग’. अंतऱ्याच्या शेवटी सही करून ठेवलेली आहे. वाचायची मात्र आपण सोडून दिली.

जोग रागातली ‘साजन मोरे घर आए’ घ्या. आपल्याकडच्या कुठल्याही गायनवर्गात ती शिकवतात, स्पर्धांत ती गायली जाते, टाळ्याही घेते. अंतऱ्यात ‘प्रेम पिया’ येतं आणि मुलं ते ‘प्रियकर’ या अर्थी गाऊन मोकळी होतात. बडोद्याच्या दरबारातल्या त्याच थोर फैयाज खाँनी तिथे आपलं नाव कोरलं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बडोदा काही लांब नाही. भुसावळहून अमळनेर, नंदुरबार करत ताप्ती लाइनने सुरतेला आणि तिथून पुढे. मुलांच्या वह्या बघाव्यात: वादी, संवादी, पकड, गानसमय, स्वरलिपी, सगळं मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षरात. रचनाकार हा रकाना कुठेच नाही.

भातखंड्यांचं तर वेगळंच. त्यांनी घराण्यांच्या पेट्यांतून बंदिशी काढल्या, स्वरलिपीसकट क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत मराठीत छापल्या, आणि स्वतः मात्र टोपणनावांआड राहिले. संस्कृत ग्रंथ लिहिला ‘चतुर पंडित’ या नावाने, आणि मग स्वतःच्याच मराठी ग्रंथात त्या चतुर पंडिताचे दाखले दिले! त्यांनी सही लपवली ती हौसेने. आपण इतरांच्या सह्या पुसतोय त्या आळसाने.

याने नुकसान काय होतं, असं विचारणारे असतात. स्वर कानाला गोड लागला की झालं. कर्ता कोण हे कळून आनंद वाढतो का? माझ्या मते वाढतो, पण तो मुद्दा सोडून देऊ. नुकसान असं की नाव नसलं की शोध थांबतो. समजा जोगकंस ऐकताना कुणी सांगितलं की हा राग जगन्नाथबुवा पुरोहितांनी रुजवला, तर ऐकणारा पुढे विचारील की हे बुवा कोण. मग कळेल की आग्र्याची तालीम घेतलेला, तबल्यावरही हुकमत असलेला हा माणूस १९६८ साली गेला; राम मराठे, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, जितेंद्र अभिषेकी हे सगळे त्यांच्याकडे शिकले. आणि या चौघांच्या रेकॉर्ड शेजारीशेजारी ठेवून ऐकल्या तर एकाच रचनाकाराचा हात चार वेगळ्या गळ्यांतून कसा दिसतो ते पाहता येतं. हे ऐकणं ‘मारवा कुणाचा भारी’ या वादापेक्षा कितीतरी जास्त रसाळ आहे. पण त्याची सुरुवात एका नावाने होते, आणि तेच नाव आपण गिळून टाकतो.

रातंजनकरांचं उदाहरण त्याहून बोचरं. १९७४ साली ते गेले. लखनौच्या मॅरिस कॉलेजात त्यांनी दोन पिढ्या घडवल्या. चित्रपट-संगीतकार रोशन त्यांचेच विद्यार्थी. शेकडो बंदिशी बांधल्या. पण बाजारात त्यांच्या गाण्याच्या तबकड्या फार थोड्या, म्हणून रेकॉर्डच्या आधारे पंगतीत पान मांडणाऱ्या रसिकांच्या चर्चेत ते नाहीतच. आपल्या आवडीनिवडी कंपन्यांच्या यादीने ठरवल्या आहेत, हे कबूल करायला आपल्याला जड जातं. कंपनीने ज्याला छापलं तो मोठा, न छापलेला अज्ञात. आणि मग आपण त्याला ‘अभिरुची’ म्हणतो. प्रभा अत्रे तर सगळ्यांना ठाऊक. त्यांची मारूबिहागातली ‘जागूं मैं सारी रैना’ किती मुली गातात! ती त्यांनीच बांधलेली आहे, हे त्यातल्या किती जणींना कुणी सांगतं?

आता अडचणी. पुष्कळ बंदिशींचा कर्ता खरोखरच कळत नाही. मुद्रेवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. सदारंगाच्या नावावर नंतरच्या लोकांनी खूप माल खपवला आहे. ज्यांनी मुद्रा घातलीच नाही अशा सारंगी वाजवणाऱ्यांच्या आणि कोठ्यांवरच्या बायकांच्या रचना आपण ‘पारंपरिक’ या शब्दाखाली गाडून टाकल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. म्हणून काय सांगणंच बंद करायचं? गायकाला निदान ती कुणाकडून मिळाली ते तर ठाऊक असतं. ‘ही मला अमक्या गुरूंकडून आली, त्यापुढचं माहीत नाही’ हे एक वाक्य मंचावर बोलायला दहा सेकंद लागतात.

आणि नोंद नसण्याची किंमत आता कोर्टात मोजावी लागते आहे. ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्याच्या ‘शिवस्तुती’ या रचनेवरून ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायपीठाने डागर बंधूंना श्रेय देण्याचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो बाजूला सारला. खंडपीठाचा रोख असा की एखादी रचना कुणी गायली एवढ्यावरून ती त्यानेच रचली असं ठरत नाही. कोण बरोबर, हा निवाडा करणारा मी कोण? पण तो मुद्दा रसिकांनी जरा थांबून ऐकावा. गाणारा आणि रचणारा यांत फरक आहे, हे मंचावर, लेबलावर कुणी कधी नोंदवलंच नाही. तो फरक आता न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करण्याची वेळ आली. कायदा रचनाकाराला तसा विसरलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कर्तेपण सांगण्याचा हक्क तर त्याहून वेगळा, कलम ५७ मध्ये दिलेला आहे. त्या हिशेबाने जगन्नाथबुवांच्या रचना २०२८ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या मालकीच्या. आपण मात्र त्या हवा-पाण्यासारख्या वापरतो.

तिकडचंही सगळं पूर्वापार नीट होतं असं समजू नये. विवाल्डी १७४१ मध्ये गेला आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. १९२० च्या दशकात इटलीतल्या एका धार्मिक शाळेला पैशांची गरज पडली, म्हणून तिने जुनी बाडं विकायला काढली. त्यात विवाल्डीची हस्तलिखितं निघाली. तुरीनच्या ग्रंथालयाकडे ती घेण्याइतका पैसा नव्हता. फोआ नावाच्या एका धनिकाने ती विकत घेऊन दिली. उरलेला हिस्सा जोर्दानो नावाच्या कारखानदाराने. दोघांचीही लहान मुलं वारली होती, आणि त्या मुलांच्या नावाने ते संग्रह आजही तिथे आहेत. मग १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत लुई कॉफमनने ‘चार ऋतू’ ध्वनिमुद्रित केले आणि विसरलेला माणूस हळूहळू घराघरांत पोचला. बाड जपणारा, पैसे देणारा, रेकॉर्ड करणारा आणि तिच्याबद्दल बोलणारा रसिक, चौघेही त्यात होते.

खान्देशाला यातलं काय नवं आहे? अमळनेरात प्रताप शेठांनी गिरणीच्या पैशातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिराने रामदासी बाडं जपली. कागद सांभाळावा हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होतं. आवाज सांभाळावा हे आपल्याला अजून सुचलेलं नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या. आज आपण त्या ज्या चालींत ऐकतो त्या नंतरच्या संगीतकारांच्या. तिथे नाव राहिलं आणि चाल गेली. बंदिशींत चाल राहते आहे, नाव जातं आहे. बालगंधर्वांच्या लहानपणीच्या हकिकतीत जळगाव येतं आणि तिथे त्यांना गाणं शिकवणारे मेहबूब खाँ येतात. जळगावला दर जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने महोत्सव होतो. पण मेहबूब खाँ कोणत्या बंदिशी शिकवत, हे विचारायला आपल्याला शंभराहून जास्त वर्षं उशीर झाला आहे.

उशीर अजून सगळ्याच बाबतीत झालेला नाही. आपल्या घरांतल्या कपाटांवर, लोखंडी पेट्यांत, जुन्या मैफलींच्या कॅसेट आणि स्पूल (टेपची रिळं) पडून आहेत. वैशाखात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. लाखेच्या तबकड्या वाकतात, पावसाळ्यात टेपला बुरशी चढते. संग्राहक गेला की दिवसकार्य आटोपताच मुलं भंगारवाल्याला हाक मारतात, आणि त्यांनाही दोष देता येत नाही, कारण कॅसेटवर ‘धुळे, छान’ एवढंच लिहिलेलं असतं. ६० वर्षांहून आधी प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. रचनाकार जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर रचनेवरचा हक्क मात्र उरतो; तेवढं पाहून त्या खुल्या करता येतात. खासगी मैफलींचं निराळं, तिथे कलाकाराचे हक्क आहेत. पण जागेवर बसून ऐकायला आणि ऐकून नोंद करायला काय हरकत आहे? माझ्याकडे असलेलं दुर्मीळ मी कुणाला ऐकवणार नाही, या हट्टापायी जे गेलं त्याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

यासाठी मोठी इमारत नको, उद्घाटन तर अजिबात नको. एखाद्या वाचनालयाची खोली, चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, आणि दुपारी मोकळे असलेले निवृत्त मास्तर, बँकवाले, रेल्वेवाले पुरेत. मारव्यावरून भांडणारेच यावेत, त्यांचे कान तयार आहेत. नोंदवहीत राग, ताल, गायक, साथ, ठिकाण, साल हे रकाने असतातच. आणखी दोन आखावेत: बंदिश कुणाची, आणि ती गायकाला कुणाकडून मिळाली. कळत नसेल तिथे रकाना कोरा सोडावा. अंदाजाने सदारंगाचं नाव टाकू नये.